हार ठशालाच का?

साहेब, आधी रेवाचं नाव घेतो. तिनं तीनदा फोन केला नसता तर हा कागद माझ्यापुढे नसता. पहिला फोन मी वाजू दिला. दुसराही. तिसऱ्याला माझ्या खोलीतला अनिल म्हणाला, "उचल की रे मेल्या, कोणाचं काय अडलंय ते तरी बघ." उचलला, तर पलीकडून तुमची लेक.

"दिगूकाका, तुम्ही फोन का नाही उचलत? आय ॲम नॉट गोइंग टू ईट यू."

बोलणं अगदी तुमच्यासारखं. आधी टोला, मग काम. म्हणाली, शुक्रवारी घरी या, बाबांच्या नाण्यांच्या डब्यातल्या चिठ्ठ्या मला वाचता येत नाहीयेत. मी म्हटलं, बाळा, मी आठवी अर्धी सोडलेला माणूस, तुझ्या बाबांचं इंग्रजी मी काय वाचणार? तर म्हणाली, "इंग्लिश मी वाचेन. मराठीचं काय करू?"

तुम्हाला जाऊन तेव्हा सतरा दिवस झाले होते. त्या सतरा दिवसांत मी तुमच्या घराकडे फिरकलो नव्हतो.

तुम्हाला नाशिकला नेण्याआधी इथे कुवेतच्या हॉस्पिटलच्या शवागारापाशी सगळे शेवटचं बघायला जमले होते. तुमच्या ऑफिसचे लोक, मराठी मंडळातली माणसं, तुमच्या बिल्डिंगचा म्हातारा मिसरी हारिस, म्हणजे वॉचमन, तोसुद्धा, ज्याच्याशी तुम्ही लिफ्टवरून रोज भांडायचात. तो तोंडावर रुमाल धरून उभा होता. मी पण होतो, साहेब. पण खांबामागे. ओळ पुढे सरकत होती आणि मी खांबामागेच. वहिनींनी वळून बघितलं तेव्हा खाली वाकून बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं. माझ्या सेफ्टी बुटाला नाडीच नाही. तुमच्या पाया न पडता मी परत कंपनीच्या बसमध्ये बसलो, आणि तेव्हापासून मला धड जेवण जात नाही की एका जागी बसवत नाही. वेल्डिंग करताना काच खाली ओढली की तेवढाच वेळ बरं वाटतं.

का लपलो, ते सांगायलाच लिहितोय. पण सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर माझं नेहमीसारखं होईल आणि मधलं सुटेल.

तुम्ही पहिल्यांदा मला बघितलंत तेव्हा मी बारा ब्रॅकेट उलटे बनवले होते. पाइपखाली आधाराला बसवायचे, डाव्याचे उजवे आणि उजव्याचे डावे. बाराच्या बारा. फोरमन ओरडत होता, खलास, याला घरी पाठवा. मी कुवेतला येऊन चार महिने झाले होते. बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, हातात पडून जेमतेम महिना, आणि गावी बाबांनी तोवर घरावर पत्रे घालायला काढले होते. तुम्ही तपासणीला आला होतात. क्लायंटकडचे मोठे इंजिनियर, सगळे बाजूला सरकले. तुम्ही ब्रॅकेट हातात घेतलात, वेल्डवरून अंगठा फिरवलात आणि मला मराठीत विचारलंत, "काम तर सुंदर आहे. ड्रॉइंग बघतोस की नुसतं शेजाऱ्याचं काम बघतोस?"

"शेजाऱ्याचं, साहेब."

तुम्ही हसलात. अशा वेळी माणसं खोटं बोलतात. मला तेवढं सुचलंच नाही, भीतीनं.

मग तुम्ही मला केबिनमध्ये नेलंत आणि खिशातून शंभर फिल्सचं नाणं काढलंत. "इकडे काय आहे?" जहाज. "मागे?" आकडा. "नाणी किती?" एकच. मग नाणं उभं धरलंत, नुसती कड दिसेल असं. "आणि ही?" कड. "मग कागदावर तीन चित्रं काढली असतील तर ब्रॅकेट किती?" एवढंच. शाळेत जे सात-आठ वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं ते तुम्ही एका नाण्यावर पाच मिनिटांत सांगितलंत. ते बारा ब्रॅकेट कापून परत जोडायला तुम्ही मला दोन दिवस दिलेत. फोरमनला काय सांगितलंत कोण जाणे, तो परत घरी पाठवायचं बोलला नाही.

जाताना म्हणालात, "शुक्रवारी एगैलाला माझ्या घरी ये. खरी नाणी दाखवतो."

मला वाटलं सोन्याची असतील. खोलीवरून निघताना आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आलो. वहिनींनी मिसळ केली होती, आणि मी तिसरा पाव मागायला लाजत होतो तो त्यांनी न विचारता ताटात टाकला. मग तुम्ही बिस्किटाचा चौकोनी डबा उघडलात. आत छोटी छोटी पाकिटं, प्रत्येकात एक चांदीचं नाणं आणि एक चिठ्ठी. रोमन लोकांची, दोन हजार वर्षांपूर्वीची. पावतीसकट पोस्टानं मागवलेली, एकेक करून. नाणी जेमतेम शर्टाच्या बटणाएवढी, वेडीवाकडी, कडा फाटलेल्या. "कडेनं धर. तोंडाला बोट लावू नकोस," तुम्ही दम दिलात. आमच्या धंद्यात वस्तू पूर्ण हातात घेतल्याशिवाय कळत नाही. माझी बोटं सारखी आत जायची आणि तुम्ही सारखे "अंहं" करायचात.

पण काय काय होतं त्यांच्यावर! चार घोड्यांचा रथ, घोड्याच्या पायातला स्नायूसुद्धा वेगळा. एक हत्ती. एकावर नुसते हातात हात घेतलेले दोन हात, बाकी काही नाही. एकावर तराजू धरलेली बाई, दुसऱ्या हातात फळांनी भरलेलं शिंग. तुम्ही सांगायचात, राजाला लोकांना जे सांगायचं असेल ते नाण्यावर कोरायचा, कारण नाणं प्रत्येकाच्या हातात जातं. मी म्हटलं, म्हणजे मोबाइलवर येतं तसं. तुम्ही म्हणालात, "बरोबर. आणि तेव्हाही निम्मं खोटंच असायचं."

तीन वर्षं आलो, साहेब. दर शुक्रवारी नाही, पण महिन्यातून दोनदा तरी. अब्बासियात आमच्या खोलीत सहाजण. तुमच्याकडे सोफ्यावर मी एकटाच एका बाजूला बसायचो, तेच आधी विचित्र वाटायचं. मला ड्रॉइंग वाचता यायला लागलं, मग फॅब्रिकेटरांचा चार्जहँड, म्हणजे मुकादम झालो, ते सगळं त्या सोफ्यावर. आणि आपलं भांडणही त्याच सोफ्यावर झालं.

ते नाणं तुम्ही मुद्दाम शेवटी दाखवलंत. समोर बाईचं तोंड, अंबाडा बांधलेला. मोनेटा देवी, म्हणालात, तिच्याच देवळात टांकसाळ होती. मी उलटं केलं आणि उभाच राहिलो.

"अहो साहेब, ही तर आमची सांडशी!"

"कोण आलंय?" वहिनींनी आतून विचारलं.

"लोहार आलाय, दोन हजार वर्षांपूर्वीचा," तुम्ही म्हणालात.

डावीकडे सांडशी, उजवीकडे हातोडा, खाली ऐरण. माझ्या बाबांचा लोहारकामाचा कारखानाच कोणीतरी बटणाएवढ्या जागेत बसवला होता. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, ते तुम्ही बघितलंत आणि न बघितल्यासारखं केलंत. ऐरणीच्या बरोब्बर वर मध्ये एक उंचट वस्तू होती, वर निमुळती, आणि तिच्याभोवती पानं.

"ही टोपी," तुम्ही म्हणालात. "त्यांच्या लोहारांचा एक देव होता, तो अशी उंच टोपी घालायचा. त्याची टोपी, वर पानांचा मुकुट."

"ऐरणीवर टोपी कोण ठेवील, साहेब? जळून जाईल."

"अरे, ते प्रतीक आहे."

"प्रतीक असेल, पण ठसा कुठाय मग? धरायला सांडशी आहे, मारायला हातोडा आहे, खाली ऐरण आहे. ठसा नसेल तर पुढच्या बाजूची बाई उठली कशी? ही टोपी नाही. हा वरचा ठसा आहे. ह्याच्यावर हातोडा मारायचा."

"आणि ही पानं?"

"हार आहे. खंडेनवमीला घालतात तसा."

तुम्ही चष्मा काढून हसलात. "दिगंबरराव, रोममध्ये खंडेनवमी?"

"का, तिकडे लोहार नव्हते?"

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, म्हणाल्या, "आता बोला." तुम्ही म्हणालात, पुस्तकवाल्यांमध्येही दोन पक्ष आहेत, काही ठसा म्हणतात, पण मी टोपीच्या पक्षात. आणि जेवण होईपर्यंत टोपीच्याच पक्षात राहिलात. मग प्रत्येक वेळी मी आलो की दार उघडताना विचारायचात, "काय, टोपी की ठसा?" मी म्हणायचो ठसा. तुम्ही म्हणायचात, "मग बाहेरच थांब." रेवा मागून ओरडायची, "बाबा, स्टॉप इट, लेट हिम इन." तिला काय भांडण आहे ते माहीत नव्हतं, पण ती माझ्या बाजूला होती.

आता ते सांगतो.

गेल्या गुढीपाडव्याला तुम्हाला काहीतरी द्यावं असं मनात आलं. तुमच्यासाठी बाजारातून काही आणणं मला जमलं नसतं, आणि आवडलंही नसतं तुम्हाला. मी बनवायचं ठरवलं. ॲल्युमिनियमचे चार ट्रे, एकावर एक बसणारे, कोपरे घासून गुळगुळीत, सुई सुद्धा मावणार नाही असे बसवलेले. नाणी आत घसरू नयेत म्हणून खाली रबर घातलं. पाइपच्या दोन तोंडांमध्ये आपण पॅकिंग घालतो ना, त्याचंच उरलेलं काळं रबर. पंचानं गोल गोल भोकं पाडली, एकेका नाण्याच्या मापाची. स्वतः ड्रॉइंग काढलं होतं, साहेब. तीन चित्रं. वरून, समोरून, बाजूनं. ते ड्रॉइंग ट्रेबरोबर दिलं, तेव्हा तुम्ही ट्रे बाजूला ठेवून आधी ड्रॉइंग बघितलंत. मग आत गेलात आणि बराच वेळ बाहेर आला नाहीत.

मग उन्हाळा. मी दोन महिने गावी जाऊन आलो. आल्यावर पहिल्याच शुक्रवारी तुमच्याकडे आलो. तुम्ही बाल्कनीत फोनवर होतात. टेबलावर वरचा ट्रे उघडा होता.

सगळी नाणी काळी पडली होती. रथ काळा, हत्ती काळा, ते हातात घेतलेले हातही काळे. जिथे रबर जास्त लागलं होतं तिथे निळसर. मी एक उचलून बघितलं, मागची बाजू तर कोळशासारखी. दोन हजार वर्षं जमिनीत राहून जे झालं नाही ते माझ्या रबरानं पाच महिन्यांत केलं. रबरात गंधक असतं आणि त्यानं चांदी काळी पडते, हे मला पुढे आमच्या स्टोअरमधल्या माणसानं सांगितलं, तेही मी "कोणाचं तरी झालंय" असं विचारल्यावर. पण त्या दिवशी टेबलापाशी कारण कळायची गरज नव्हती. ट्रे मी बनवला होता.

वहिनींना म्हटलं, कंपनीतून फोन आलाय, जायला हवं. लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरलो.

संध्याकाळी तुमचा फोन. "कुठे पळालास रे?" मी म्हटलं, शटडाऊन लागलंय साहेब, प्लांट बंद ठेवून दुरुस्ती, रोज बारा तास. तुम्ही म्हणालात, "बरं. मोकळा झालास की ये." नाण्यांबद्दल एक शब्द नाही. तो एक शब्द नाही, तेच मला खात राहिलं. रागावला असतात तर मी येऊन पाय धरले असते. शटडाऊन पंधरा दिवसांत संपलं, पण तुमच्यासाठी मी ते चालूच ठेवलं. मग नवरात्रात परत तुमचा फोन आला. मी बकाल्यात, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, कांदे घेत होतो. स्क्रीनवर तुमचं नाव बघत उभा राहिलो आणि वाजून वाजून ते बंद झालं. मनात म्हटलं, आता विचारणार, काय केलंस हे. आज नको. दिवाळीला सरळ घरीच जाऊ.

दिवाळीला गेलो नाही. थंडी सुरू झाली आणि तुम्ही गेलात.

तुमचा तो शेवटचा फोन मी उचलला नाही, ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. अनिललाही नाही. खांबामागे ह्यासाठी लपलो होतो. तुम्ही माझ्यावर रागावून गेलात की काय, हे आता कोणाला विचारणार?

तर परवाच्या शुक्रवारी आलो. दार रेवानं उघडलं. टोपी की ठसा कोणी विचारलं नाही. मी तरी उंबऱ्यातच थांबलो, सवयीनं.

"कम इन ना, काका."

हॉलमध्ये तुमचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. वहिनी पाणी घेऊन आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "बारीक झालास." रेवानं टेबलावर माझेच ट्रे आणून ठेवले. मला वाटलं, तुम्ही ते कधीच फेकून दिले असतील. तुम्ही रबर काढून टाकलं होतं, सगळं, खरवडून खरवडून, आणि त्या जागी पांढऱ्या कागदाचे गोल कापून चिकटवले होते. साहेब, एवढे मोठे इंजिनियर तुम्ही, पण एकही गोल धड नव्हता. वहिनी म्हणाल्या, "माझी स्वयंपाकघरातली कात्री घेऊन बसायचे. म्हटलं दिगूला बोलवा, तो करून देईल. तर म्हणाले, तो बिझी आहे."

मी सांगितलं त्यांना. सगळं, फोनचंही. माझं बोलून झाल्यावर त्या आत गेल्या, आणि कुकरची शिट्टी ऐकू आली. त्याचा अर्थ काय घ्यायचा मला अजून कळलेलं नाही.

रेवानं चिठ्ठ्या काढल्या. पुढच्या बाजूला तुमचं छापल्यासारखं इंग्रजी. मागे पेन्सिलीनं मराठी. "लुक, मुंग्या चालल्यायत नुसत्या," ती म्हणाली. "मी शाळेत फ्रेंच घेतलं. बाबा म्हणायचे, मराठी काय, घरात आहेच." मग ती अवजारांची चिठ्ठी तिनं माझ्यासमोर धरली. "ह्याच्यावर तुमचं नाव आहे असं मम्मा म्हणाली. पुढे तिला वाचवेना. प्लीज."

मी वाचलं. मोठ्यानं वाचावं लागलं, तिच्यासाठी.

"आज खंडेनवमी. दिगूला फोन केला, उचलला नाही, कामात असेल. विचारायचं होतं: ठसा धरू. पण मग हार ठशालाच का? ऐरण मोठी, हातोडा जोराचा, त्यांना का नाही? भेटला की विचारणे."

फोन त्यासाठी होता.

रेवानं विचारलं, "व्हॉट डज इट मीन? बाबा चिडले होते का?" मी म्हटलं, नाही गं. प्रश्न विचारलाय. आणि मग ते नाणं हातात घेतलं, कडेनं. ते अजून काळंच होतं. पण काळेपणा खोलगट जागेत बसला होता आणि वरचं तुमच्या अंगठ्यानं थोडं उजळलं होतं, तुम्ही कितीही इतरांना दम दिलात तरी. पान न् पान वेगळं दिसत होतं. मला बरं वाटावं म्हणून तसं दिसलं असेल, मला माहीत नाही.

साहेब, उत्तर असं आहे. त्या दिवशी फोनवर दिलं असतं, आता इथे देतो.

आमच्या दारात झेंडूची दोनच रोपं. खंडेनवमीला हळदकुंकू सगळ्या अवजारांना, पण हार एकच व्हायचा, आणि बाबा तो छिन्नीला घालायचे. मी भाता ओढायला लागलो त्या वर्षी त्यांना विचारलं होतं, ऐरणीला का नाही? म्हणाले, "ऐरण आज्याची. मी मेलंय तरी ती हयसरच आसतली. छिन्नी कधी मोडात ता सांगाक येना नाय. तिका सांगाक व्हया, बाय गे, ह्यां वरीस रव." एवढं वर्ष टिक, असं. ठशाचंही तेच, साहेब. हातोड्याचा प्रत्येक घाव थेट त्याच्या डोक्यावर. खालचं टिकतं, वरचा ठसा आधी जातो. टांकसाळीतल्या माणसाला रोज भीती त्याचीच असणार. म्हणून हार त्याला. ज्याच्या जाण्याची भीती वाटते, त्याला.

हे मी रेवाला सांगत होतो आणि समोर तुमचा फोटो होता. तिनं एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मला तुमची भीती वाटली ती नको त्या कारणासाठी वाटली, साहेब. खरी वाटायला हवी होती ती वाटलीच नाही. तुम्ही मला ऐरण वाटत होतात.

टोपी की ठसा, ते तुम्ही अजून पूर्ण मान्य केलेलं नाही. "धरू" म्हणालात फक्त. मला चालेल.

रेवाची परीक्षा झाली की ती आणि वहिनी कायमच्या नाशिकला जाणार. तोपर्यंतचे शुक्रवार माझे आहेत, मी चार्जहँडला सांगून ठेवलंय, म्हणजे स्वतःलाच. डब्यात त्रेसष्ट चिठ्ठ्या आहेत. मी वाचून दाखवणार नाही. त्याच दिवशी तिला म्हटलं, पेन्सिल घे, हा "ठ", बघ, नाण्यासारखा गोल. ती म्हणाली, "काका, तुम्ही स्ट्रिक्ट आहात." तुमच्याकडूनच शिकलो. कागदाचे गोलही मीच नीट कापून देईन, पण तुमचे वाकडे चार एका पाकिटात ठेवून तिच्याकडे देईन.

तिनं तीनदा फोन केला, साहेब. मी लपलो होतो आणि तुमच्या लेकीनं मला बाहेर काढलं. ह्याची परतफेड मी करीन. तुमची शेवटची चिठ्ठी ती स्वतः, न अडखळता वाचेल तोवर थांबणार नाही, नाशिकला गेली तर सुट्टीत तिथे येईन. आणि कधी तिला काही अडलं, अक्षर असो की आणखी काही, रात्री असो की कामाच्या वेळी, तिचा फोन मी पहिल्या घंटेला उचलीन.